डोंगराच्या दोन्ही अंगांना

मराठवाड्यातून येणारी देवगिरी एक्सप्रेस पहाटे ठाण्याला लागते, तेव्हा डब्यातली बरीच माणसं तिथेच उतरून घेतात. बर्थखालून ज्वारीची पोती, लोणच्याच्या बरण्या, गुंडाळलेल्या चादरी बाहेर निघतात आणि पुलावरून स्लो गाडीच्या फलाटाकडे चालू लागतात. कोकणातून रात्रभर वळणं घेत आलेली एसटी बोरिवलीच्या नॅन्सी कॉलनीतल्या डेपोत शिरते, तिथेही असाच पसारा उतरतो. फक्त ज्वारीच्या जागी तांदूळ आणि आमसुलं असतात. या माणसांची मुंबईशी पहिली भेट समुद्रावर होत नाही, गेटवेवरही होत नाही. ज्या नातेवाइकाकडे उतरायचं त्याच्या स्टेशनवर ती होते.

पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी मुंबईची जी माहिती लिहिली जाते, ती मात्र गेटवेपासून सुरू होते आणि फार तर वांद्र्यापर्यंत येऊन थांबते. २०११च्या जनगणनेत मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३० लाख ८५ हजार होती आणि मुंबई उपनगर जिल्ह्याची ९३ लाख ५७ हजार. चार मुंबईकरांतले तीन ज्या भागात राहतात तो भाग पाहुण्याला दाखवायचाच नाही, ही पद्धत मला कधी पटलेली नाही. मी मुलुंडला राहते. माहेर सोलापूर जिल्ह्यातलं, त्यामुळे पाहुण्यांचा राबता कायम. त्यांना मी आधी उपनगर दाखवते, गेटवे नंतर. गेल्या हिवाळ्यात बार्शीहून आत्या आली, सोबत तिची नात. नातीची मरोळला एका कंपनीत मुलाखत होती आणि त्या निमित्ताने आजीने आयुष्यात पहिल्यांदा मुंबईची गाडी पकडली होती. त्या दोघींबरोबर जे पाहिलं, त्याच्या आधाराने हा लेख लिहिते आहे.

उपनगर समजून घ्यायचं तर आधी नकाशा समोर धरावा. त्याच्या मधोमध डोंगर आहे आणि त्या डोंगरावर जंगल. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं आहे. त्याच्या पश्चिम अंगाला अंधेरी, जोगेश्वरी, गोरेगाव, मालाड, कांदिवली, बोरिवली. पूर्व अंगाला घाटकोपर, विक्रोळी, कांजूर, भांडुप, नाहूर, मुलुंड. पश्चिमेच्या रांगेतून पश्चिम रेल्वे जाते, पूर्वेच्या रांगेतून मध्य रेल्वे. मुलुंड आणि बोरिवली यांच्यात सरळ रेघ ओढली तर अंतर जेमतेम बारा किलोमीटर भरतं. पण रेल्वेने जायचं तर दादरपर्यंत खाली जाऊन, गाडी बदलून, पुन्हा तितकंच वर यावं लागतं. रस्त्याने जायचं तर उत्तरेकडून घोडबंदरचा वळसा किंवा दक्षिणेकडून जोगेश्वरी-विक्रोळीचा जोडरस्ता. एकाच महापालिकेत राहणारी दोन सख्खी भावंडं डोंगराच्या दोन अंगांना राहत असली तर सणावारीच भेटतात, आणि त्यात कुणाची माया कमी झालेली नसते.

हे सगळं साष्टी बेट. १७३७ ते १७३९च्या मोहिमेत मराठ्यांनी ते पोर्तुगिजांकडून घेतलं, १७७४मध्ये इंग्रजांनी मराठ्यांकडून. पण मुंबई शहराचा भाग व्हायला त्याला पुढे पावणेदोनशे वर्षं लागली. अंधेरी आणि घाटकोपर १९५०मध्ये बृहन्मुंबईत आले, बोरिवली आणि मुलुंड १९५७मध्ये. त्याआधी ही शहराबाहेरची गावं होती. उपनगराचा वेगळा जिल्हा झाला तो १ ऑक्टोबर १९९० रोजी. बोरिवलीत बाभई, शिंपोली, एक्सर या भागांत आजही गल्ली अचानक अरुंद होते, कौलारू घर दिसतं, विहिरीवर जाळी टाकलेली दिसते. तिथे आपण जुन्या गावठाणात शिरलेलो असतो. टॉवर त्याच्या चारही बाजूंनी उठलेले असतात.

आत्याला सगळ्यात आधी शिकवावी लागली ती लोकल. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेलेली पहिली गाडी घाटकोपर-मुलुंडच्या याच जमिनीवरून गेली. पश्चिमेकडे विजेवरची लोकल १९२८मध्ये बोरिवलीपर्यंत आली. तेव्हापासून उपनगरातल्या माणसाचं घड्याळ इंडिकेटरवर चालतं. वरची अक्षरं वाचायची, खालचा वेळ वाचायचा, फास्ट की स्लो ते बघायचं, बारा डब्यांची की पंधरा ते बघायचं आणि त्याप्रमाणे फलाटावर उभं राहायची जागा ठरवायची. नव्या माणसाला वाटतं की चढणं अवघड. खरं म्हणजे उतरणं अवघड. आम्ही ठाण्याकडून येणाऱ्या फास्ट गाडीत मुलुंडला चढलो, लेडीज डबा भरलेला. आत्याला कुणीतरी सरकून टेकायला जागा दिली. भांडुप मागे पडताच एका बाईने विचारलं,

“काकू, कुठे उतरणार?”

“घाटकोपरला, बाई.”

“मग उठा आत्ताच. माझ्या मागे उभ्या राहा. तुमच्या मागे कोण आहे? घाटकोपर का? मग ठीक.”

डब्यात दाराशी उतरणाऱ्यांची अशी रांग लागते. पुढच्या-मागच्याला विचारून आपली जागा पक्की करायची, स्टेशन कुठल्या बाजूला येतं ते ठाऊक नसलं तर विचारून घ्यायचं आणि गाडी थांबली की रांगेबरोबर जायचं. कुणी कुणाला ओळखत नाही, तरी हा नियम सगळ्या पाळतात. आत्याला ते फार आवडलं. “आमच्या एसटीत असं असतं तर भांडणंच मिटली असती,” असं ती फलाटावर उतरल्यावर म्हणाली.

भांडणं इथेही होतात. विरार फास्टमध्ये बोरिवलीचा प्रवासी चढला की त्याला बोलणी बसतात, कारण विरार-वसईकरांना पुढचा तासभर उभं राहायचं असतं आणि बोरिवलीकराला त्याच्या हक्काच्या गाड्या आहेत. हा राग बाहेरून क्षुल्लक दिसतो. रोज जाऊन-येऊन तीन तास उभं राहणाऱ्या माणसाच्या जागी उभं राहून पाहिलं की तो समजतो. ५ मे १९९२ रोजी चर्चगेट-बोरिवली मार्गावर फक्त बायकांसाठी पहिली गाडी सुटली. संपूर्ण गाडी बायकांची, असं जगात त्याआधी झालं नव्हतं. २५ डिसेंबर २०१७ रोजी पहिली एसी लोकलही बोरिवलीहूनच निघाली. पण गाड्यांच्या तारखांपेक्षा पाहुण्याने डबा पाहावा. मटार सोलून पिशवीत भरणारी बाई, टिकल्या आणि केसांचे चाप विकणारी, भिशीचे पैसे मोजणारी, उभ्याउभ्या पोथी वाचणारी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी रोजचे प्रवासी डब्याला तोरणं बांधतात, पूजा करतात, पेढे वाटतात. संक्रांतीला गाडीत हळदीकुंकू होतं. ज्या डब्यात आयुष्याचा एवढा भाग जातो, त्याला घरासारखं वागवलं जातं.

बोरिवलीला मी पाहुण्यांना न्यायचं सोडत नाही ते कान्हेरीसाठी. स्टेशनच्या पूर्वेला उतरून हायवे ओलांडला की उद्यानाचं दार. आतून बस लेण्यांपर्यंत जाते, साताएक किलोमीटर. सोमवारी उद्यान बंद असतं, हे पाहुण्याला आधी सांगून ठेवावं. रस्त्यात आदिवासी पाडे लागतात. वारली आणि इतर आदिवासी इथे उद्यानाच्या कितीतरी आधीपासून राहतात. बिबट्या या जंगलात आहे, रात्री कडेच्या सोसायट्यांच्या आवारात फिरूनही जातो. आदिवासी वाघोबाला पूजतात आणि त्याच्या वाटेतून बाजूला होतात. कडेच्या इमारतींमध्ये नव्याने राहायला आलेल्यांना हे शिकावं लागतं. उघड्यावर कचरा टाकला की कुत्री येतात, कुत्र्यांमागे बिबट्या येतो, इतका तो साधा हिशोब आहे.

कान्हेरीत शंभराहून अधिक लेणी आहेत. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमारास खोदायला सुरुवात झाली आणि पुढे हजार वर्षं इथे भिक्षूंची वस्ती राहिली. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यातला चैत्य सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळातला. त्याच्या ओसरीत दोन्ही हातांना बुद्धाच्या दोन उभ्या मूर्ती आहेत, जवळजवळ सात मीटर उंच. नात मान वर करून बराच वेळ उभी राहिली. भिंतींवरच्या ब्राह्मी लेखांत दान देणाऱ्यांची नावं आहेत आणि त्यांची गावं आहेत. कल्याण, सोपारा, चौल. म्हणजे आज लोकलच्या पाट्यांवर वाचतो त्यातली काही नावं अठराशे वर्षांपूर्वी इथे दगडात कोरली गेली. दान देणाऱ्यांत व्यापारी आहेत, कारागीर आहेत. बंदरातून डोंगराकडे पैसा येत होता. नव्वदाव्या लेण्यात पहलवी लिपीतही लेख आहेत, अकराव्या शतकात लेणी पाहायला आलेल्या पारशांनी आपली नावं लिहून ठेवली. पहिल्यांदा येणारे पाहुणे या डोंगराला नवे नाहीत.

आत्या मात्र मूर्तींपाशी फार रेंगाळली नाही. ती पाण्यापाशी बसली. कान्हेरीत जवळजवळ प्रत्येक विहाराच्या दाराशी पाण्याची पोढी खोदलेली आहे. वरच्या कातळावर बोटभर खोल पन्हळी कोरल्या आहेत. त्या उतार धरून खाली येतात, एका पोढीत शिरतात, ती भरली की पुढच्या पन्हळीतून खालच्या पोढीत. पायऱ्यांच्या कडेनेही पन्हळ नेली आहे. पोढीचं तोंड लहान, आत पोट मोठं, म्हणजे ऊन कमी लागतं. थंडीच्या दिवसांत गेलो होतो तरी काहींत पाणी होतं. आत्या गुडघ्यावर हात टेकून वाकली, पन्हळीत बोट घालून उतार कुठून कुठे आहे ते तिने चढावर चालत जाऊन पाहिलं.

“चार म्हैने पडलेलं आठ म्हैने पुरवलंय,” ती म्हणाली. “आमच्या गावात एवढं जरी केलं असतं तर टँकर कशाला लागला असता गं?”

बार्शीकडच्या बाईला कान्हेरीत जे दिसतं ते इतिहासाच्या पुस्तकात सहसा ठळक छापलेलं नसतं. ते दिसावं म्हणूनच मी पाहुण्यांबरोबर हिंडते.

आणि पाणी हाच या डोंगराचा खरा अधिकार. विहार तलाव १८६०मध्ये पुरा झाला, तुळशी १८७९मध्ये, दोन्ही याच जंगलात. बेटावरच्या मुंबईला नळाचं पाणी पहिल्यांदा मिळालं ते इथून. मिठी, ओशिवरा, पोईसर, दहिसर या नद्या याच डोंगरातून आणि त्याच्या कुशीतून निघतात. पश्चिमेच्या पुलांवरून जाताना लोक त्यांना नाला म्हणतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, त्याच दिवशी कुलाब्यात ७३. त्या रात्री नद्या आपल्या जागी परत आल्या. उपनगरात त्या रात्रीची आठवण नसलेलं घर सापडणं कठीण. माझ्या शेजारच्या काकू अंधेरीहून चालत निघाल्या होत्या, दुसऱ्या दिवशी दुपारी घरी पोचल्या.

बोरिवलीच्या पश्चिमेला एक्सरला वीरगळ आहेत. त्यांची कुणी जाहिरात करत नाही. पुरुषभर उंचीहून मोठ्या शिळा वस्तीच्या मधोमध उभ्या आहेत. वीरगळ खालून वर वाचत जायचा. खालच्या पट्ट्यांत लढाई, वर मेलेल्या वीराला अप्सरा घेऊन जातात, सगळ्यात वर तो शिवलिंगाची पूजा करतो. महाराष्ट्रात वीरगळ गावोगावी आहेत, पण एक्सरच्या शिळांवर जहाजं आहेत. वल्ही एका ओळीत बाहेर आलेली, वर सैनिक दाटीने उभे. कोकणचा शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा यादव राजा महादेव यांच्यात तेराव्या शतकात समुद्रावर लढाई झाली, तिचं हे चित्र असं काही अभ्यासक मानतात. काही जण शिळा त्याआधीच्या ठरवतात. मला तारखेपेक्षा ती वल्ही महत्त्वाची वाटतात. ज्या गावाला आज आपण फ्लॅटच्या भावावरून ओळखतो, तिथल्या कुणीतरी जहाज इतकं जवळून पाहिलं होतं की वल्ह्यांची ओळ दगडात नीट उतरवता आली. या शिळांना छप्पर, कुंपण आणि नीट वाचता येईल असा फलक मिळायला हवा. शहराच्या आरमारी इतिहासाचा इतका जुना पुरावा उपनगरात दुसरा कुठे आहे?

तिथून जवळच मंडपेश्वर. शैव लेणं, नटराजाचा सुंदर पट. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी त्याचं चर्च केलं, वर मठ बांधला, त्याच्या भिंती अजून उभ्या आहेत. महाशिवरात्रीला इथे रांग लागते. गोराईच्या खाडीपलीकडे विपश्यनेचा पॅगोडा, २००९मध्ये खुला झालेला, आत खांब नसलेला प्रचंड घुमट. जेटीवरून बोटीने जायचं.

मेट्रोने मला एक सुख दिलं, त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. रेल्वेने जुन्या गावांतली मोजकीच नावं उचलली होती, बाकीची पत्त्याच्या तिसऱ्या ओळीत गेली. २०२२च्या गुढीपाडव्याला आणि पुढे जानेवारी २०२३मध्ये पश्चिम उपनगरातल्या दोन नव्या मार्गिका सुरू झाल्या आणि ती नावं पाट्यांवर परतली. मागाठाणे, देवीपाडा, ओवरीपाडा, पोईसर, आकुर्ली, कुरार, दिंडोशी, मोगरा, गुंदवली. दुसऱ्या मार्गिकेवर मंडपेश्वर, एक्सर, डहाणूकरवाडी, वळनई. उंचावरून जाणाऱ्या डब्यात ही नावं घोषणेत ऐकू येतात, तेव्हा साष्टीची गावं एकामागून एक हजेरी देताहेत असं वाटतं. नातीने ती सगळी वहीत उतरवून घेतली. मुलाखतीत विचारतील म्हणून का, असं मी विचारलं तर म्हणाली, “नाही मावशी, भाड्याने खोली बघताना लागतील.”

अंधेरीबद्दल पाहुण्याला एकच सूचना पुरते. पूर्व की पश्चिम ते आधी विचारून घ्यावं. रुळांनी उपनगराचे दोन भाग केले आहेत आणि ओलांडायच्या जागा थोड्या. गोखले पुलाचा पादचारी भाग ३ जुलै २०१८ रोजी कोसळला, नोव्हेंबर २०२२मध्ये पूल वाहतुकीला बंद झाला, फेब्रुवारी २०२४मध्ये एक बाजू उघडली आणि मे २०२५मध्ये पूर्ण. त्या काळात पलीकडच्या शाळेत मूल घालणाऱ्या आईबापांनी काय सोसलं ते अंधेरीकरांनाच विचारावं. एका पुलावर किती आयुष्यं टेकलेली असतात याचा तो जाहीर हिशोब होता.

पूर्वेला सीप्झ, १९७३ साली सुरू झालेलं निर्यात केंद्र, त्याच्या भोवती मरोळची एमआयडीसी. सकाळी नऊच्या सुमारास चकालाच्या रस्त्यावर गळ्यात ओळखपत्र घातलेली माणसं अशा लोंढ्याने चालतात की रिक्षा मागे पडते. नातीची मुलाखत इथेच होती. ती आत गेली आणि आम्ही दोघी पश्चिमेला गिल्बर्ट हिल पाहून आलो. काळ्या बेसॉल्टचा सरळ उभा सुळका, ६१ मीटर उंच, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. खाणवाल्यांनी चारही बाजू फोडून नेल्या, हा उरला. १९५२मध्ये त्याला संरक्षण मिळालं, २००७मध्ये वारसा यादीत स्थान. जगात असे खडक मोजके आहेत. पायथ्याशी घरं इतकी खेटली आहेत की पूर्ण सुळका नजरेत मावेल अशी जागा शोधावी लागते. पायऱ्या चढून वर गेलं की गावदेवीचं देऊळ. आत्याने ओटी भरली. देवी गावाची आहे म्हटल्यावर तिला अंधेरीत परकं वाटलं नाही.

वेसाव्याला, म्हणजे वर्सोव्याला, गेलो ते संध्याकाळी. कोळीवाड्यात बांबूच्या आडव्या काठ्यांवर बोंबील वाळत होते. दोन बोंबील घ्यायचे, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि जोडी काठीवर टाकायची, दोरी लागत नाही. ते करणाऱ्या मावशींचे हात थांबत नव्हते. बोलताना मान वर करायच्या, जोडी मात्र बरोबर अडकायची. मासळी कमी झाली, डिझेल वाढलं, किनाऱ्यालगतची वाळवणाची जागा आक्रसत चालली, असं त्या सांगत होत्या. कोळी या शहराचे मूळ रहिवासी, असं आपण भाषणात म्हणतो. मग त्यांच्या वाळवणाची जागा आराखड्यात पक्की का होत नाही, याचं उत्तर द्यायला कुणीतरी बांधील असलं पाहिजे.

अंधेरीहून घाटकोपरला जायला पूर्वी बसमध्ये तास-दीड तास जायचा. ८ जून २०१४ रोजी वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली. ११.४ किलोमीटर, बारा स्थानकं. डोंगराच्या दोन अंगांना जोडणारी ही पहिली सरळ गाडी. तेव्हापासून घाटकोपर स्टेशन बदललं, पश्चिमेच्या कचेऱ्यांत जाणारी सगळी पूर्व बाजू स्टेशनच्या पुलावर लोटते. संध्याकाळी सहानंतर लहान मूल किंवा म्हातारं माणूस घेऊन इथे बदलू नये, असं मी कळकळीने सांगते.

असल्फ्याच्या आसपास मेट्रोतून डाव्या-उजव्या टेकडीवर रंगवलेली घरं दिसतात. स्वयंसेवकांनी काही वर्षांपूर्वी ती रंगवली आणि पाहुणे फोटो काढायला येऊ लागले. फोटो जरूर काढावा, पण याच घाटकोपरच्या डोंगरउतारावर जुलै २०००मध्ये दरड कोसळून साठाहून अधिक माणसं दगावली होती. पावसाळ्यात उतारावर राहणं म्हणजे काय, ते रंगावरून कळत नाही.

घाटकोपर पूर्वेला वल्लभबाग लेनची खाऊगल्ली, हे सगळ्यांना ठाऊक. मोठ्या तव्यावर डोसा पसरून त्यावरच भाजी, बटर, चीज घोटून त्याच्या सुरळ्या कापतात. आजूबाजूला गुजराती वस्ती, म्हणून हांडवो आणि ताजा फरसाणही उत्तम. आत्याने डोसा निम्मा सोडला आणि खाकऱ्याची दोन पाकिटं घेतली.

पूर्वेलाच, हायवेच्या कडेला, रमाबाई आंबेडकर नगर आहे. पाहुण्याला मी तिथेही नेते. ११ जुलै १९९७ रोजी सकाळी इथल्या बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाल्याचं दिसलं, वस्ती रस्त्यावर आली आणि राज्य राखीव पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं गेली. शाहीर विलास घोगरे यांनी त्या आघाताने काही दिवसांतच जीव दिला. आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ हा माहितीपट तिथून सुरू होतो. दर वर्षी ११ जुलैला लोक तिथल्या स्मारकाशी जमतात. आम्ही गेलो तेव्हा एक आजोबा पेपर वाचत बसले होते. कुठून आलात, असं त्यांनी विचारलं. बार्शी म्हटल्यावर त्यांनी आत्याला खुर्ची दिली, चहा मागवला आणि त्या सकाळी कोण कुठे उभं होतं ते हाताने दाखवत सांगितलं. नातीने प्रश्न विचारले, आजोबांनी सगळ्यांची उत्तरं दिली.

मुलुंड माझं गाव, म्हणून त्याच्याबद्दल थोडक्यात. गेल्या शतकाच्या दुसऱ्या दशकानंतर आखून वसवलेलं, त्यामुळे पश्चिमेचे रस्ते सरळ आणि काटकोनी. पाच रस्त्याच्या चौकात उभं राहिलं की दिशा कळते. कालिदास नाट्यगृहात प्रयोग असला की संध्याकाळी रस्त्यावर मोगऱ्याचा वास येतो. पोळी-भाजी केंद्रं जितकी इथे आहेत तितकी क्वचितच कुठे असतील; दोघं नोकरी करणाऱ्या घरांचं रात्रीचं जेवण त्यांच्यावर चालतं आणि ती चालवणाऱ्या बायकांची मुलं त्यावर शिकतात. पूर्वेला मिठागरं आणि खारफुटी, त्यापलीकडे ठाण्याची खाडी, जिथे हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. २०२२मध्ये तिला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला.

आता डोंगराच्या पोटातून बोगदे जाणार आहेत. ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्याचा मार्ग ११.८ किलोमीटरचा आणि गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्यावरचे बोगदे ४.७ किलोमीटरचे. जुलै २०२४मध्ये दोन्हींचं भूमिपूजन झालं. माझी बहीण बोरिवलीला असती तर मीही या दिवसाची वाट पाहिली असती. रोजच्या माणसाचे दोन तास वाचणं ही लहान गोष्ट नाही. फक्त वर जंगल आहे, त्यातल्या पोढ्या आणि तलाव आहेत, त्यांच्या पाण्याच्या वाटा आहेत. त्यांच्यावर काय परिणाम होतो आहे ते काम चालू असतानाच वर्षावर्षाला मोजून लोकांसमोर ठेवलं जावं.

नातीला नोकरी मिळाली. खोली तिने स्वतःच शोधली, असल्फ्याला, दोन मुलींबरोबर. घाटकोपरपेक्षा भाडं कमी आणि मरोळ नाका मेट्रोने दोन स्टेशनं. आत्याला फोनवर तिने पत्ता सांगितला तेव्हा आत्याने विचारलेला पहिला प्रश्न पाण्याचा होता. सकाळी पाच ते सात येतं, पिंप भरून ठेवावं लागतं, असं नात म्हणाली. आत्याने दुसऱ्याच आठवड्यात गावाकडून येणाऱ्या माणसाबरोबर पैसे पाठवले आणि झाकणाचं मोठं पिंप घ्यायला सांगितलं.